माणसं आत आहेत

मुलगा शिकायला कॅनडाला गेला, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये मी कुरडया घातल्या. घरात खाणारं कुणी नव्हतं. नवरा अबू धाबीकडे रुवैसला, रिफायनरीत. शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन यायचा आणि रविवारी दुपारचं जेवण झालं की परत निघायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस दुबईतल्या अल मनखूलमधल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. माझी इन्शुरन्स ऑफिसातली नोकरी कोविडमध्ये गेली होती आणि परत शोधायचं राहूनच गेलं होतं. तरी मी गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, चीक काढला, शिजवला. साताऱ्याला आई मार्चमध्ये हेच करायची आणि लग्नानंतर मीही करत आले होते. त्या वर्षी न करायला काही कारण सापडलं नाही.

बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप असायचं. वर कुणी जाऊ नये असा नियमच होता. पण आमचा वॉचमन, चितगावचा एक प्रेमळ माणूस, त्याने माझ्या हातातलं पातेलं बघितलं आणि किल्ली काढून दिली. म्हणाला, "ऊपर एक और आदमी होगा, मॅडम. डरना मत. ईरानी बाबा है."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक म्हातारा उलट्या डब्यावर बसून चित्र काढत होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, शेजारी ऑइलपेंटचे लहान डबे. मला बघून त्याने ब्रश खाली ठेवला. मी चादर अंथरत होते आणि वाऱ्याने ती सारखी उडत होती. तो उठला, कुठून तरी चार विटा शोधून आणल्या, चारी कोपऱ्यांवर ठेवल्या आणि परत जाऊन बसला. मी सोऱ्या फिरवून रांगा घालायला लागले तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"ये क्या है?"

"कुरडई."

"सूख के क्या होगा?"

"तलके खाने का."

त्याने मान हलवली, जणू त्याचा अंदाज बरोबर निघाला. "हमारे गाव में भी सब कुछ छत पे सुखाते. लिंबू, मछली," तो म्हणाला. दुबईत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांची असते तशी त्याची हिंदी होती. व्याकरणाची पर्वा न करणारी, पण कुठेही न अडणारी.

मी त्याला आधी लिफ्टमध्ये पाहिलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर भाच्याच्या कुटुंबाबरोबर तो राहायचा, मागच्या लहान खोलीत. भाच्याचं खाडीपलीकडे देरामध्ये मसाल्याचं दुकान होतं. केशर, सुकवलेली लिंबं, सुकामेवा. म्हातारा सकाळी दुकानात बसायचा आणि दुपारनंतर गच्चीवर यायचा, कारण रंगाच्या वासाने भाच्याच्या सुनेला त्रास व्हायचा. हे सगळं मला वॉचमनकडून कळलं होतं. म्हातारा चित्रकार आहे हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो नुसता "पेंट करनेवाला बाबा" होता.

दुसऱ्या दिवशी कुरडया उलटवायला गेले तेव्हा मी चित्र नीट बघितलं. पिवळ्या मातीचं एक घर, निळं दार, दाराशी पाण्याचा रांजण, भिंतीच्या सावलीत बांधलेली शेळी. आकाश इतकं पांढरं की डोळे बारीक करावेसे वाटावेत. भिंतीशेजारी असेच तीन-चार रंगवून झालेले लाकडी फळे टेकवून ठेवले होते. सगळ्यांत घरं, गल्ल्या, दारं. एका चित्रात समुद्र होता, त्यात रिकामी होडी. माणूस एकाही चित्रात नव्हता.

"चाचा, लोग कहाँ हैं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "अंदर हैं. इतनी धूप में बाहर कौन आएगा?"

त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणू लागले आणि ते मला भाभी. कुरडया वाळून डब्यात गेल्या, तरी माझं गच्चीवर जाणं थांबलं नाही. वाळत घालायला काहीतरी शोधायचे. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, मग नुसतेच धुतलेले टॉवेल. उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेवणं अशक्य झालं, पण ऑक्टोबरच्या अखेरीला हवा बदलली आणि आम्ही दोघं परत वर. चाचा चित्र काढायचे, मी उलट्या बादलीवर बसायचे. बोलणं चालू राहायचं, तुटायचं, परत चालू व्हायचं. त्यांची गोष्ट मला अशीच तुकड्यातुकड्यांनी कळली.

त्यांचं गाव इराणच्या किनाऱ्यावर, लेंगेह बंदराजवळ. वडील लाकडी लाँचवर खलाशी. शाळा चार इयत्तांची होती, तेवढी झाली. लाँच दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढली की तिच्या नाकावरचं नाव नव्याने रंगवावं लागायचं. ते काम करणारा म्हातारा आंधळा व्हायला लागला आणि त्याने या मुलाचा हात धरून अक्षरं काढून घ्यायला सुरुवात केली. माशाच्या तेलात रंग कालवायचा, ब्रश खजुराच्या काथ्याचा. "अक्षर सीधा होना चाहिए, नहीं तो कश्ती टेढी जाएगी, ऐसा बोलता था वो," चाचा हसून सांगायचे.

मिसरूड फुटायच्या आधीच ते मामाबरोबर लाँचमधून दुबईला आले. तेव्हा हे शहर लहान होतं आणि त्यांच्या गावाकडची निम्मी माणसं इथेच होती. सुरुवातीला खाडीवर गोण्या उचलल्या. मग एका चहावाल्याला दुकानावर नाव लिहून हवं होतं. यांनी ते लिहिलं. शेजारच्या शिंप्याने बघितलं, त्यालाही हवं झालं. त्याला नाव इंग्रजीतही पाहिजे होतं. चाचांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. शिंप्याने कागदावर लिहून दिलं आणि यांनी चित्र काढावं तसं ते उतरवलं. पुढे मल्याळम, गुजराती, हिंदी, सगळं असंच. बर दुबईतल्या एका साडीच्या दुकानावर त्यांनी देवनागरीत पाटी रंगवली, त्यात एक वेलांटी उलटी पडली. मालकाच्याही लक्षात आलं नाही. ती पाटी दुकान बंद होईपर्यंत तशीच होती, आणि मला ती चूक कागदावर काढून दाखवताना चाचांना फार मजा आली. कुणीतरी खूप उशिरा त्यांना ती समजावली होती.

पाट्यांच्या मागोमाग हॉटेलांच्या भिंती आल्या. पठाणांच्या हॉटेलात जेवणाऱ्यांना बर्फाचे डोंगर आवडायचे, धबधबा आवडायचा, हंस आवडायचे. चाचांनी बर्फ कधी बघितला नव्हता. "सफेद रंग खत्म होता था बार बार," एवढंच त्यांना त्या डोंगरांबद्दल आठवत होतं. त्यातला एकही डोंगर आता शिल्लक नाही. हॉटेलं मोडली, मालक बदलले, भिंतींवर टाइल्स चढल्या. मग प्रिंटिंगची मशिनं आली. अख्खी पाटी एका तासात छापून निघायला लागली, फोटोसकट. "खलास," चाचा म्हणाले. मग त्यांनी ब्रश धुऊन गुंडाळून ठेवले आणि भाच्याच्या दुकानात लिंबं निवडायला बसले.

लग्न गावातल्याच मुलीशी झालेलं. ती गावातच राहिली. सासू-सासरे होते, घर होतं, शेळ्या होत्या, नंतर मुलगी झाली. चाचा वर्षातून एकदा जायचे. दोनदा तीही आली होती, पण तिला इथे लिफ्टची भीती वाटायची. मुलगी मोठी झाली, शिराझला दिली. बायको गावच्या घरात एकटी राहू लागली. चाचा म्हणायचे, दोन वर्षांत कायमचा येतो. असं पुष्कळ वेळा म्हणून झालं.

ती कोविडमध्ये गेली. विमानं बंद, बोटी बंद. मुलीने फोनवरून दफन दाखवलं, पण नेटवर्क खराब होतं आणि चाचांना नुसती तोंडाला फडकी बांधलेली माणसं हलताना दिसली. हे त्यांनी ब्रश न थांबवता सांगितलं. मी खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

त्या लॉकडाऊनमध्ये, मागच्या खोलीत कोंडून पडलेले असताना, त्यांनी पलंगाखालून जुने डबे ओढून काढले. ऑइलपेंटवर साय धरली होती, ती फोडली. बदामाच्या खोक्याची फळी होती, तिच्यावर गावच्या घराचं दार काढलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता काहीतरी काढलेलं. तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती. दार झालं, मग भिंत, मग गल्ली. "एक घर बनाया तो पडोसी का भी बनाना पडता," ते म्हणायचे. असं करत करत त्यांनी अख्खं गाव रंगवायला घेतलं होतं.

आम्ही परत वर जाऊ लागलो त्याच हिवाळ्यात त्यांचं नशीब बदललं म्हणावं असं काहीतरी घडलं. भाच्याने एक चित्र दुकानात वजनकाट्याच्या वर टांगलं होतं. केशर घ्यायला आलेल्या एका बाईने ते बघितलं, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी परत आली. तिची अल कुओझच्या गोदामांमध्ये आर्ट गॅलरी होती. बाई बैरूतची, वयाने चाळिशीतली, भराभर बोलणारी. ती आमच्या गच्चीवर आली, सगळे फळे एका ओळीत लावले, बराच वेळ बघितलं आणि चाचांना म्हणाली, "हबीबी, हे सगळं मला दे." अरबीतच म्हणाली, चाचांनी मला नंतर हिंदीत सांगितलं.

पहिलं प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी होतं. मी नवऱ्याला घेऊन गेले. नवरा आठवडाभर सुरक्षा हेल्मेट घालून पाइपलाइनी तपासणारा माणूस, त्याला सुट्टीच्या दिवशी सोफा हवा असायचा. पण आला. उंच पांढऱ्या भिंती, प्रत्येक चित्रावर वेगळा दिवा, हातात ग्लास घेऊन हळू आवाजात बोलणारे लोक. गच्चीवर मी रोज बघितलेली ती दारं तिथे ओळखू येईनात. चाचा पाण्याच्या कूलरजवळ उभे होते, नवीन कोट घालून. लोक येऊन हात मिळवत होते आणि ते प्रत्येकाला छातीवर हात ठेवून "शुक्रन" म्हणत होते. मला बघून त्यांचा चेहरा जरा सैलावला.

दाराशी भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत त्यांची माहिती लिहिलेली होती. त्यांनी मला तिथे नेलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "सब लोग ये बोलता है. क्या है?"

शब्द होता 'सेल्फ-टॉट'. मी सांगितलं, "मतलब, जिसको किसी ने सिखाया नहीं. खुद सीखा." मी ते कौतुकाने म्हटलं होतं.

ते त्या शब्दाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ये तो यतीम जैसा लिखा है." यतीम म्हणजे अनाथ. आणि हळूहळू सांगायला लागले, जणू मीच तो शब्द लिहिला होता. तो नावं रंगवणारा आंधळा म्हातारा कोण होता मग? भिंत सारवताना हात कसा फिरतो ते आई दाखवायची. शिंप्याने इंग्रजी दाखवलं, एका केरळी पेंटरने सावली कशी टाकायची ते दाखवलं, त्याच्या बदल्यात यांनी त्याला अरबी अक्षरं दिली. "इतना आदमी ने सिखाया, भाभी. सब मर गया. अब दीवार पे लिखता है, किसी ने नहीं सिखाया."

मी गॅलरीवालीशी बोलू का, असं विचारलं. ते नको म्हणाले. पाहुणी माणसं आहेत, तमाशा नको.

चित्रं विकली गेली. सगळी नाही, पण बरीच. एका इंग्रजी पेपरात फोटो आला. वॉचमनने तो कापून आपल्या टेबलाच्या काचेखाली घातला. भाच्याच्या सुनेने वासाची तक्रार करणं सोडलं, पण तोवर चाचांना गच्चीची सवय लागली होती. गॅलरीवाली पुढच्या प्रदर्शनासाठी घाई करू लागली. तिला आणखी निळी दारं हवी होती. चाचा मान हलवायचे, "इन्शाल्ला" म्हणायचे, आणि तिच्या माघारी माझ्याकडे बघून म्हणायचे, "दरवाजा खत्म हो गया, भाभी. गाव छोटा था."

मग काही महिने ते एका मोठ्या फळ्यावर काम करत होते. तो माझ्याकडे पाठ करून टाकीच्या पलीकडे ठेवलेला असायचा. मी मागून बघायला गेले की कापड टाकायचे. चित्रकार झाले, आता लहरी होणारच, असं मी गमतीने नवऱ्याला सांगितलं. मी आपली बादलीवर बसत होते. टोरंटोत मुलाची सकाळ होत आली की फोन हातात घ्यायचा, त्याच्या 'गुड मॉर्निंग'ची वाट बघायची. कधी यायचं, कधी नाही. नाही आलं तर मनाशी म्हणायचे, झोपला असेल, आणि खालच्या रस्त्यावर शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं बघत बसायचे. यात विशेष काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

दुसऱ्या प्रदर्शनाला आम्ही उशिरा पोचलो. आत शिरल्यावर समोरच्याच भिंतीवर ते मोठं चित्र होतं.

आमची गच्ची. टाकी, डिशच्या छत्र्या, मागे बिल्डिंगा. चादरीवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा, कोपऱ्यांवर विटा. आणि उलट्या बादलीवर एक बाई बसलेली. चेहरा जरासाच दिसत होता, कारण ती कठड्यापलीकडे बघत होती. ओढणी खांद्यावरून सुटून सिमेंटवर पडली होती आणि तिला ते कळलेलं नव्हतं. मांडीवर फोन, त्यावर हात असा ठेवलेला, जसा आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा. एवढी मोठी गच्ची, एवढं मोठं आकाश, आणि ती बाई एका कोपऱ्यात, लहानशी.

लोक त्या चित्रासमोर थांबत होते. कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, किती शांत आहे. मला वाटलं, मी कपड्यांशिवाय उभी आहे आणि हे लोक ग्लास हातात धरून बघताहेत. त्यांच्यातल्या कुणीही मला ओळखलं नाही, याचाही राग आला.

नवरा चित्राजवळ गेला, मागे आला, परत गेला. मग चित्राकडेच बघत त्याने विचारलं, "तू रोज अशी बसतेस?"

"रोज नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं त्यात?"

त्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्म्यावर काही नव्हतं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि निम्मी त्याची रुवैसला गेली होती. पगार, शाळा, कॉलेजची फी, सगळं त्या अंतरातून आलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते कधी अंतर म्हणून मोजलंच नव्हतं. घरी जाताना गाडीत तो फक्त एकदा म्हणाला, "फॅमिली क्वार्टरचं विचारतो मी."

फोटो मुलालाही गेला, बापाने पाठवला. त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आई, इज दॅट यू?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "यू लुक सो स्मॉल." आणि लगेच, "आय मीन, इट्स अ नाइस पेंटिंग." मी त्याला जेवलास का विचारलं.

चाचांशी त्या संध्याकाळी मी बोललेच नाही. नंतरही नाही. गच्चीची किल्ली वॉचमनकडे परत दिली. लिफ्टमध्ये चाचा भेटले तर मी मोबाइल बघायचे. ते छातीवर हात ठेवायचे आणि त्यांच्या मजल्यावर उतरून जायचे. असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. एक दिवस दुपारी बेल वाजली. दारात चाचा, हातात सुकवलेल्या लिंबांची पिशवी. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"भाभी नाराज है."

"पूछना चाहिए था, चाचा."

"पूछता तो तुम सीधा बैठता," ते म्हणाले. "बाल ठीक करता. हसता."

ते खरंच होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोडक्या हिंदीत मला जसंच्या तसं आठवतं, पण इथे माझ्या भाषेत लिहिते. म्हणाले, माझ्या बायकोचं चित्र काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. घर काढता यायचं, ती यायची नाही. मी वर्षातून एकदा जायचो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. ती सारखी पळत असायची, चहा, भाकरी, माझे कपडे. मी तिला बसलेली बघितलीच नाही. मी नसताना ती कशी बसत असेल, कुठे बघत असेल, मला माहीतच नव्हतं. तुम्ही फोन घेऊन बसायचात, तेव्हा मला दिसलं.

लिंबांची पिशवी माझ्या हातात देऊन ते जिन्याने खाली गेले. लिफ्टची वाट बघितली नाही.

मी परत गच्चीवर जाऊ लागले. ते चित्र विकलं गेलं होतं. कुणी घेतलं ते गॅलरीवालीने सांगितलं नाही, गिऱ्हाइकाचं नाव सांगायची पद्धत नसते म्हणे. म्हणजे कुणाच्या तरी हॉलमध्ये मी आजही बसलेली असेन. मला त्याचं आता वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही.

चाचांनी त्यानंतर बायकोचं चित्र काढलं. एकच. गावच्या घराचं धाबं, त्यावर पसरलेली लिंबं, आणि पाठमोरी बसलेली बाई, तोंड समुद्राकडे. पलीकडच्या किनाऱ्यावर काही दिसत नव्हतं, नुसती धूसर रेघ. गॅलरीवाली आली, तिने ते बघितलं आणि तिचा भराभर बोलण्याचा वेग पहिल्यांदा कमी झाला. तिने मागितलं. चाचा म्हणाले, हे नाही. ती दोन-तीनदा आली. मग फोन करायची, मग तेही थांबलं. तिच्याकडे दुसरे चित्रकार होते, तरुण, सांगेल ते देणारे.

त्यानंतरच्या वर्षी बिल्डिंगला नोटीस लागली. जुनी इमारत, पाडून नवीन बांधायची, सगळ्यांनी वर्षभरात जागा सोडायची. भाच्याने शारजाला लहान फ्लॅट बघितला, दुकानही आवरतं घेतलं. त्या फ्लॅटमध्ये मागची खोली नव्हती. चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता आणि दुसऱ्यात सुरू झाला होता. शिराझहून मुलगी सारखी बोलावत होती. आयुष्यभर समुद्राकाठी राहिलेला माणूस, त्याला आता डोंगरातल्या शहरात जायचं होतं. बायको गेल्यापासून बंद असलेलं गावचं घर पडलं होतं.

शारजाच्या बंदरावर मी आणि नवरा त्यांना सोडायला गेलो, सुट्टीच्या दिवशी, सकाळी. लेंगेहला जाणारी बोट होती. सामान फारसं नव्हतंच, एक बॅग आणि चादरीत गुंडाळलेलं ते चित्र. तपासणीच्या टेबलावर तरुण अधिकाऱ्याने चादर सोडायला लावली. बघून त्याने विचारलं, "कोण आहे ही?" चाचा म्हणाले, "घरवाली." त्याने स्वतःच्या हाताने चादर परत बांधून दिली, गाठ नीट मारली.

"यल्ला, चलता हूँ, भाभी," चाचा मला म्हणाले. माझ्या नवऱ्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. नवरा म्हणाला, "टेक केअर, चाचा." दारातून आत जाताना ते वळले नाहीत. त्यांचं लक्ष पायांखालच्या पायरीकडे होतं, ती त्यांना नीट दिसत नसावी.

आम्हीही निघालो. मी आता रुवैसला असते, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. सगळी घरं सारखी, सगळी झाडं एका मापाने छाटलेली, वाऱ्याची दिशा बदलली की प्लँटचा वास. शेजारी चांगले आहेत. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नवरा संध्याकाळी पाचला घरी येतो, चहा घेतो. एवढ्या वर्षांनी रोज समोर बसलो की काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही शिकावं लागतंय. कधी जमतं. कधी तो टीव्ही लावतो.

पहिले काही महिने चाचांचे व्हॉइस मेसेज यायचे. शिराझमध्ये थंडी आहे, नातवंडं चांगली आहेत, खऱ्या डोंगरावर खरा बर्फ पडला, तो माझ्या बर्फासारखा नाही, निळसर आहे. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. मेसेज लहान होत गेले. वाक्याच्या मध्येच ते थांबायचे, आणि फारसी शब्द घालायचे. एकदा म्हणाले, "भाभी, इधर हिंदी किस से बोलूँ? भूल रहा हूँ." त्यांना त्याचं दुःख झालं होतं की हसू येत होतं, ते आवाजावरून कळलं नाही.

परवा त्यांच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावून दिला. चाचा खिडकीपाशी बसले होते, जाड काचांचा चष्मा, गुडघ्यांवर घोंगडी. मला बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. मी विचारलं, "कैसे हो, चाचा?" त्यांचे ओठ हलले, ते शब्द शोधत होते. सापडला नाही. त्यांनी हात हलवून तो जाऊ दिला. मग आम्ही तसेच बसलो. त्यांच्या मागे कुणीतरी भांडी आवरत होतं, त्याचा आवाज येत होता. मी माझ्या मागची खिडकी त्यांना दाखवली, बाहेरचं मोकळं वाळवंट. त्यांनी त्यांच्या खिडकीकडे फोन वळवला, पलीकडच्या घराची वीटकरी भिंत होती. बराच वेळ आम्ही एकमेकांना भिंत आणि वाळवंट दाखवत राहिलो. मग मुलीने हळूच फोन घेतला, इंग्रजीत म्हणाली, बाबा दमलेत, आणि थँक यू म्हणून बंद केला.

पाच वाजत आले होते. मी चहाचं आधण ठेवलं.